घरचा जमाखर्च : पोहण्याच्या हौदाची वार्षिक तरतूद

या सदरात आजवर शाकारणीपासून मुंजीपर्यंत आणि औषधपाण्यापासून मुलांच्या परदेशगमनापर्यंत बहुतेक घरगुती खर्चांचा विचार झाला आहे. पोहण्याच्या हौदाचा प्रश्न मात्र यापूर्वी आमच्यासमोर आला नव्हता. घरच्या अंगणात पोहण्याचा हौद म्हणजे संस्थानिकांची चैन, अशी आमच्या पिढीची समजूत. परंतु काळ पालटला, शहराबाहेर बंगले उठले, आणि ज्यांच्या आजोबांनी पाठीला डबा बांधून गावच्या विहिरीत उड्या घेतल्या, त्यांच्या नातवंडांसाठी निळ्या लाद्यांचे हौद झाले. त्यात निंद्य असे काही नाही. पोहणे हा उत्तम व्यायाम आहे. प्रश्न आहे तो हौद बांधून झाल्यावरचा.

गेल्या महिन्यात एका वाचकभगिनीचे सविस्तर पत्र आले. घर एकत्र, भाऊ तिघे, आणि घरच्या जमाखर्चाची वही या धाकट्या सूनबाईंकडे. त्यांच्या मामंजींनी २००९ साली बंगल्यामागे नातवंडांसाठी हौद बांधला. लांबी ८ मीटर, रुंदी ४ मीटर, खोली सरासरी सव्वा ते दीड मीटर. पुढे मामंजी निवर्तले, मोठी नातवंडे शिक्षणासाठी बाहेरगावी गेली, आणि हौदाकडे दुर्लक्ष झाले. आता दररोज दोन बोटे पाणी उतरते. कंत्राटदाराने लाद्या काढून, जलरोधक गिलावा करून पुन्हा लाद्या बसविण्याचा अंदाज ३,६०,००० रुपयांचा दिला आहे. थोरले दीर म्हणतात, ही वडिलांची आठवण, मोडता कामा नये. मधले दीर म्हणतात, बुजवून टाका आणि वर बाग करा. सासूबाई काहीच बोलत नाहीत. खर्चाचा वाटा कोणी किती उचलावा यावरून एरवी एका पंक्तीस बसणारे भाऊ आता जेवणाच्या वेळा चुकवू लागले आहेत. बाईंनी आम्हांस विचारले आहे ते इतकेच की, वहीत हा खर्च कोणत्या सदरी मांडावा?

पत्राच्या अखेरीस मात्र त्यांनी सहज म्हणून एक वाक्य लिहिले आहे. हौदाच्या कुंपणाच्या फाटकाची कडी वर्षभर मोडलेली आहे, आणि 'आमची धाकटी चार वर्षांची आहे, म्हणून जीव घाबरतो.' जमाखर्चाचे पुढे पाहू. हे पान वाचून होताच प्रथम ती कडी बसवावी. लहान मूल बुडते ते आरडाओरडा न करता, पुष्कळदा शेजारच्या खोलीत मोठी माणसे असताना, आणि दोन-चार मिनिटांत. कुंपण चार फुटांहून कमी नसावे, फाटक आपोआप मिटणारे असावे, आणि कडी मुलाचा हात पोहोचणार नाही इतकी उंच असावी. एवढ्या मोठ्या घरात ही कडी वर्षभर मोडकी का राहिली? ती सामाईक होती, म्हणून. सर्वांचे ते कोणाचेच नव्हे, हाच या साऱ्या प्रकरणाचा रोग आहे, आणि त्यावरील उपायच आज सांगावयाचा आहे.

आपल्या वाडवडिलांस हा रोग ठाऊक होता. वाड्यातील विहिरीचा गाळ उन्हाळ्यात निघे, पावसाळ्यापूर्वी कौले शाकारली जात, आणि या खर्चाबद्दल कोणी कोणास विचारीत नसे. विहीर बिघडल्यावर दुरुस्तीचा खर्च करावयाचा अशी रीत नव्हती. विहीर बिघडू नये म्हणून वर्षाचा खर्च ठरलेला असे. फार मागे जावयाचे तर मोहेंजोदडोच्या उत्खननात सापडलेले सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे महास्नानगृह पाहावे. सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल असा तो हौद आहे. त्याच्या विटांचे सांधे जिप्समच्या चुन्याने घट्ट बसविलेले, मागे डांबराचा थर दिलेला, आणि एका कोपऱ्यात पाणी काढून देण्यास मोरी ठेवलेली. पाणी झिरपणार, घाण साचणार आणि हौद वेळोवेळी रिता करावा लागणार, हे बांधणाऱ्यांनी आधीच ध्यानी घेतले होते. आम्ही मात्र बांधणीचा खर्च हाच एकूण खर्च समजतो. लग्नाचा खर्च म्हणजेच संसाराचा खर्च, असे मानण्यासारखेच हे झाले.

या बाबतीत आम्ही इतरांस शिकवावे एवढे शहाणे नाही, हे येथेच कबूल करतो. आमच्याही घरी असा एक हौद आहे. एका वर्षी पावसाळ्यात कोणी पोहत नाही म्हणून देखभालीचा माणूस चार महिने बंद केला आणि १२,००० रुपये वाचविल्याचे समाधान मानले. पाणी हिरवे झाले, तळ दिसेना. बंद पडून राहिलेला पंप गंजून आखडला. तेव्हा ऐन श्रावणात भाड्याचा पंप आणून आम्ही हौद उपसून टाकला, आणि हा शहाणपणा सर्वांत महाग पडला. पावसाळ्यात जमिनीत पाणी चढलेले असते. हौद भरलेला असेतोवर आतल्या पाण्याचे वजन त्या दाबास तोलून धरते. हौद रिता झाला की खालचे पाणी तळास वर रेटते. आमचा तळ मध्यभागी फुगला आणि लाद्या तडकल्या. १२,००० वाचविण्याच्या नादात जवळजवळ २ लक्ष गेले. यावरून शिकलेला पहिला नियम असा की, पावसाळ्यात हौद कदापि पूर्ण उपसू नये. आणि दुसरा असा की, देखभाल बंद करणे म्हणजे खर्च बंद करणे नव्हे, तो व्याजासह पुढे ढकलणे होय.

आता पत्रातील हौदाकडे वळू. अंदाजपत्रकावर सही करण्यापूर्वी बाईंनी बिनखर्चाची एक परीक्षा करून पाहावी. एक बादली हौदाच्या पाण्यानेच भरून हौदाच्या पायरीवर अशी ठेवावी की, आतील आणि बाहेरील पाणी एका पातळीस येईल. दोन्हीकडे खूण करावी. चोवीस तास कोणी पोहू नये. नंतर दोन्ही खुणा पाहाव्यात. बादलीतील पाणी उतरले ते उन्हावाऱ्याने. हौदातील त्याहून जितके अधिक उतरले, तितकी गळती. ही परीक्षा एकदा पंप बंद ठेवून व एकदा चालू ठेवून करावी. पंप चालू असता गळती वाढत असेल तर पाणी परत आणणाऱ्या नळांत दोष असण्याचा संभव अधिक. दोन्ही वेळा सारखीच असेल तर तळ, भिंती किंवा दिव्याच्या व नळांच्या तोंडाचे सांधे पाहावेत. संशयित भेगेजवळ स्थिर पाण्यात थोडा रंग सोडला तर गळत्या जागी तो आत ओढला जातो. नळांची दाबपरीक्षा झाल्यावाचून लाद्यांवर घण पडू देऊ नये. सारा तळ उखडल्यावर दोष एखाद्या नळाच्या सांध्यात निघावा, यासारखे दुर्दैव नाही.

दोन बोटे म्हणजे सुमारे ४ सेंटीमीटर धरू. आपल्या देशावरच्या कोरड्या हवेत उन्हाने दिवसास सुमारे ६ मिलिमीटर पाणी जाते असे मानले, तरी बाकी ३.४ सेंटीमीटर गळती राहते. हौदाचा पृष्ठभाग ३२ चौरस मीटर. म्हणजे दररोज सुमारे १,१०० लिटर पाणी जमिनीत मुरते. वर्षाचे हे ४ लक्ष लिटर झाले. दहा हजार लिटरच्या टँकरास १,५०० रुपये धरल्यास ६०,००० रुपये केवळ पाण्याचे, औषधे निराळी. आणि हे पाणी घराच्या पायाखाली जाते ही काळजी आणखी निराळी. तेव्हा 'सध्या राहू द्या, पुढे पाहू' हा जो चौथा पक्ष घरात मौनाने चालू आहे, तोच सर्वांत खर्चिक आहे. दुरुस्ती करा, बुजवा किंवा रूपांतर करा. परंतु राहू देऊ नका.

दुरुस्ती करावयाची ठरल्यास वर्षाची तरतूद किती लागेल, हे आता मांडतो. पुढील भाव पद्धत समजावी एवढ्यासाठी धरलेले आहेत. गावागणिक ते भिन्न असतात, आणि प्रत्येकाने आपल्या गावचे भाव घालून हाच हिशेब करावा. हौदातील पाणी सुमारे ४३ घनमीटर, म्हणजे ४३,००० लिटर धरले आहे. खर्चाचे दोन भाग पाडावेत. एक चालू खर्च, जो दरमहा हातातून जातो; दुसरा झीजनिधी, जो दरमहा बाजूस ठेवावयाचा आणि प्रसंग येईपर्यंत शिवावयाचा नाही.

चालू खर्चात पहिली वीज. एक अश्वशक्तीचा पंप तासास साधारण १ युनिट घेतो. ताशी १०,००० लिटर पाणी गाळणारा पंप असल्यास सारे पाणी एकदा गाळून निघण्यास साडेचार तासांच्या आत-बाहेर लागतात; दररोज ५ तास धरावे. वर्षाची १,८२५ युनिटे झाली. येथे गृहिणींची एक चूक होते. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढत असतो. दिवे, पंखे, शीतकपाट यांची युनिटे आधीच खर्ची पडलेली असल्यामुळे पंपाची युनिटे वरच्या टप्प्यात मोजली जातात. म्हणून बिलाची सरासरी न धरता आपल्या बिलातील सर्वांत चढा दर धरावा. तो १५ रुपये मानल्यास वीज २७,००० रुपयांची झाली.

दुसरी औषधे. पाण्यात मोकळे क्लोरीन दर दहा लक्ष भागांस १ ते ३ भाग असावे, आणि पीएच ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान राहावा. पीएच चढला की क्लोरीन असूनही त्याची जंतुनाशक शक्ती घटते. उतरला की डोळे चुरचुरतात, धातू गंजतो आणि सांधे खाल्ले जातात. ४३,००० लिटर पाण्यात क्लोरीनचे प्रमाण एका भागाने वाढविण्यास चांगली ब्लीचिंग पावडर सुमारे १३० ग्रॅम, किंवा ट्रायक्लोर सुमारे ४८ ग्रॅम लागते. पावडर पाण्यात कालवून, निवळी घेऊन, सूर्य मावळल्यावर घालावी. कडक उन्हात साध्या पावडरीचे क्लोरीन काही तासांतच उडून जाते. ट्रायक्लोर उन्हात टिकते, परंतु टिकविणारे द्रव्य पाण्यात साठत जाते व अखेर क्लोरीनलाच दुबळे करते. म्हणून वर्षातून काही पाणी बदलणे भाग पडते. दिवसास दोन भागांची भर धरून वर्षास सुमारे ३५ किलो ट्रायक्लोर, शिवाय सोडा, आम्ल, शेवाळनाशक आणि परीक्षेची पेटी मिळून १६,००० रुपये धरले.

तिसरा माणसाचा पगार, आठवड्यातून तीन वेळ झाडलोट व गाळणीची निगा यांसाठी दरमहा ३,००० प्रमाणे ३६,०००. चौथे पाणी. बाष्प होऊन जाणारे, उडणारे व गाळणी उलट धुण्यास लागणारे मिळून दिवसास सुमारे २७० लिटर. पावसाळ्याचे चार महिने वगळता ६५,००० लिटर, म्हणजे सात टँकर, १०,५०० रुपये. पाचवी किरकोळ दुरुस्ती, रबरी चकत्या, दिवे, ब्रश, जाळी इत्यादी, १०,००० रुपये. एकूण चालू खर्च ९९,५०० रुपये.

आता झीजनिधी. प्रत्येक भागाची आजची किंमत त्याच्या आयुष्याच्या वर्षांनी भागावी, म्हणजे वार्षिक तरतूद निघते. वहीत ती अशी लिहावी :

पंप व मोटर, ३५,००० रुपये, आयुष्य १० वर्षे, तरतूद ३,५००.
गाळणीतील वाळू मजुरीसह, १५,००० रुपये, ५ वर्षे, तरतूद ३,०००.
गाळणीची टाकी व झडप, ४५,००० रुपये, १५ वर्षे, तरतूद ३,०००.
लाद्यांचे सांधे पुन्हा भरणे, ४०,००० रुपये, ८ वर्षे, तरतूद ५,०००.
लाद्या व जलरोधक गिलावा, ३,६०,००० रुपये, १८ वर्षे, तरतूद २०,०००.
नळ, दिवे व विजेच्या तारा, ६०,००० रुपये, १५ वर्षे, तरतूद ४,०००.
कुंपण, फाटक व तळमोरीची झाकणे, ३०,००० रुपये, १० वर्षे, तरतूद ३,०००.

बेरीज ४१,५००. चालू खर्च मिळवून वर्षास १,४१,००० रुपये, म्हणजे दरमहा ११,७५० रुपये. हौद ठेवण्याची खरी किंमत ही आहे. वर्षातून साठ दिवस पोहणे होत असेल, तर एका दिवसाचे पोहणे २,३५० रुपयांस पडते. हे महाग की स्वस्त हे ज्याच्या त्याच्या ऐपतीने ठरावे. परंतु ते ठाऊक असावे.

पत्रातील घरी २००९ पासून २०२४ पर्यंतच्या १५ वर्षांत लाद्यांच्या सदरी वर्षास २०,००० बाजूस ठेवले असते, तर ३,००,००० रुपये मुद्दलच झाले असते, आणि व्याज धरता कंत्राटदाराची रक्कम चुकती होऊन काही शिल्लक उरली असती. मग भावाभावांत वाद कशाचा झाला असता? वाद हौदाचा नाही. जे पंधरा वर्षांत थेंबाथेंबाने द्यावयाचे ते एका दिवसात मागितले गेले, त्याचा आहे. निधी वेगळ्या खात्यात असावा, आणि दर पाडव्यास प्रत्येक वस्तूचा नवा भाव विचारून तरतूद सुधारावी. वर्षास शेकडा ६ प्रमाणे भाव चढत गेले तर बारा वर्षांत ते दुप्पट होतात, हे विसरू नये.

वाटणीविषयी आमचे मत स्पष्ट आहे. चालू खर्च वापरणाऱ्यांनी द्यावा आणि झीजनिधी मालकांनी द्यावा. ज्या भावाची मुले पोहतात त्याने वीज, औषधे व पगार यांचा भार उचलावा. ज्याच्या घरी कोणी पोहत नाही त्याच्यावर तो लादू नये. परंतु हौद सामाईक मिळकतीत आहे, त्याच्या गळतीने पाया सर्वांचा भिजतो आणि विक्रीच्या वेळी किंमत सर्वांस मिळावयाची आहे. म्हणून झीजनिधीत तिघांनी हिश्शाप्रमाणे सारखे घालावे. ४१,५०० चे तीन वाटे केले म्हणजे प्रत्येकी महिन्यास साडेअकराशे रुपये होतात. यासाठी पंक्तिभेद करण्याचे कारण नाही. आज साचलेल्या दुरुस्तीचा खर्चही याच न्यायाने तिघांचा आहे. एकदम देणे जड असल्यास ज्या भावापाशी आहे त्याने द्यावे आणि वहीत लिहून हप्त्यांनी फेडून घ्यावे. मात्र ते लिहावे. न लिहिलेले उपकार आणि न लिहिलेली कर्जे एकत्र कुटुंबास सारखीच घातक असतात.

काटकसर कोठे करू नये, हेही सांगणे अवश्य आहे. तळमोरीचे झाकण मोडके असेल तर पंपाच्या ओढीने माणूस तळाशी चिकटून राहू शकतो. अमेरिकेत २००२ साली माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात व्हर्जिनिया ग्रीम बेकर हिचा अशाच ओढीने गरम पाण्याच्या कुंडात अंत झाला, आणि तिच्या नावाने २००७ साली तेथे तळमोरीच्या झाकणांविषयी कायदा झाला. तेव्हा झाकण बाकदार, पक्के बसलेले असावे, आणि ओढीच्या मोऱ्या एकमेकींपासून दूर अशा दोन असाव्यात. पंप व पाण्यातील दिवे यांच्या तारांवर ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळतीरोधक खटका असावा, आणि त्याची कळ दरमहा दाबून पाहावी. औषधे मुलांच्या हातास लागू नयेत. ब्लीचिंग पावडर व आम्ल एकत्र आल्यास विषारी वायू निघतो, पावडर व ट्रायक्लोर एकत्र आल्यास आग लागते. दोघांची मापेही निराळी ठेवावीत. आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही नव्हे.

दुरुस्तीचा काळ माघ-फाल्गुनाचा उत्तम. जमिनीतील पाणी उतरलेले असते, टँकरचे भाव अद्याप चढलेले नसतात, मुले परीक्षांत गुंतलेली असतात, आणि हौद वैशाखाच्या सुटीस तयार मिळतो. तीन ठिकाणचे लेखी अंदाज घ्यावेत. त्यांत कामाचा तपशील, मालाची जात आणि हमीची मुदत असावी. लाद्या बसण्यापूर्वी हौद भरून काही दिवस पातळी पाहावी, आणि बिलाचा दहावा हिस्सा पहिला पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवावा. पावसाळ्यात पंप दिवसास दोन-तीन तास तरी चालवावा आणि क्लोरीनकडे लक्ष ठेवावे. साचलेल्या, औषध नसलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडू लागते. म्हणजे आपल्या हौदाचा हिशेब शेजाऱ्यांच्या औषधपाण्यात जमा होतो. गाळणीच्या दाबमापकाचा काटा स्वच्छ गाळणीच्या आकड्याहून आठ-दहा पौंड चढला की गाळणी उलट धुवावी, उगाच रोज धुऊन पाणी दवडू नये. खंडेनवमीस आपण घरच्या यंत्रांस फूल वाहतो. त्या दिवशी पंपासही एक वाहावे, आणि त्याच्या चकत्या, तारा व आवाज यांची पाहणी करून वहीत नोंद करावी.

आता शेवटचे आणि थोडे कटू. दरमहा ११,७५० रुपये, किंवा आपल्या गावच्या भावाने जी रक्कम निघेल ती, देण्याचे सर्वांनी मनापासून कबूल केले तरच दुरुस्ती करावी. तशी कबुली मिळत नसेल तर ३,६०,००० रुपये घालून हौद नवा करणे म्हणजे पुढील भांडणाची मुहूर्तमेढ रोवणे होय. अशा घरांनी हौदाचे रूपांतर पावसाच्या पाण्याच्या टाकीत करावे. त्यासाठीही गळती काढावी लागेलच. परंतु लाद्या लागणार नाहीत. वर भक्कम झाकण व डासांस प्रतिबंध करणारी जाळी एवढे हवे. १५० चौरस मीटरच्या छपरावर पुण्याइतका, म्हणजे सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याचे चार-पंचमांश पाणी हाती आले, तर ८४,००० लिटर मिळते. हौद जवळजवळ दोनदा भरतो. बाग पिकते, टँकर टळतात. हेही न जमल्यास बुजवावा. मात्र बुजविण्यापूर्वी तळास भोके पाडावीत, नाहीतर मातीखाली पाणी साचून बागेची दलदल होते. मुलांस पोहावयास महापालिकेच्या तलावावर न्यावे. तेथे शिकविणारा असतो आणि जीवरक्षकही असतो.

थोरल्या दिरांस एक विनंती. वडिलांनी हौद बांधला तो नातवंडांसाठी. गळका हौद, मोडके फाटक आणि अबोला धरलेले भाऊ ही त्यांची आठवण खचित नव्हे. मधल्या दिरांस एक विनंती. बुजविण्याने खर्च थांबेल, परंतु ज्या घरास सामाईक वस्तू राखता येत नाही त्या घरात उद्या छप्पर गळेल, परवा विहिरीची मोटर जळेल. तीही बुजविणार काय? आणि सासूबाईंनी आता मौन सोडावे. घरातील सर्वांस एका संध्याकाळी समोर बसवून हा आकडा मोठ्याने वाचून दाखविण्याचा अधिकार त्यांचा आहे. वाचून दाखविण्यास वही सूनबाईंनी उघडावी.

बाईंच्या मूळ प्रश्नाचे उत्तर राहिले. हा खर्च 'दुरुस्ती'च्या सदरी मांडू नये. 'शाकारणी'शेजारी एक नवे पान घालावे, वर 'हौद' असे लिहावे, खाली तिन्ही भावांच्या सह्या घ्याव्यात. पहिली नोंद फाटकाच्या कडीची असावी. ती कितीची आली, एवढे मात्र आम्हांस कळवावे.